पाचव्या खळग्यातलं लॉक

ताईची गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली, तेव्हा मिस्त्रीने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. स्वतःच्या कामावर चारचौघांत खूश होणं हे नवशिक्याचं लक्षण, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून तो गॅरेजच्या मागे गेला, भिंतीकडे तोंड करून दोन मिनिटं मनसोक्त खूश झाला आणि पुन्हा गंभीर होऊन परत आला.

खूश व्हायला कारणही होतं. दोन महिने ही गाडी मागून निळा धूर सोडत होती. धाकट्या भावाचं गॅरेज असताना बहिणीची गाडी धुराडं होऊन हिंडते, हे लोक बघत होते आणि बोलतही होते. शेवटी त्याने इंजिनाचं हेड उतरवलं, आठही व्हॉल्व्ह काढले, तेल अडवणारे नवे सील घातले, नव्या स्प्रिंगा बसवल्या आणि त्या स्प्रिंगा जागेवर धरणारी लॉकंही नवी घातली. ही लॉकं करंगळीच्या नखाएवढी, अर्ध्या कड्यासारखी. एका व्हॉल्व्हला दोन, समोरासमोर. त्यातलं एक नसलं तर दुसऱ्याला एकट्याने फार दिवस संसार रेटता येत नाही. ते निसटतं, व्हॉल्व्ह सुटून खाली पडतो, आणि खालून येणारा पिस्टन त्याचं असं स्वागत करतो, की त्यानंतर इंजिन भंगारात घालण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही.

ताईला आज दुपारी तीनशे किलोमीटर जायचं होतं. लेक आणि तिचं महिन्याचं बाळ, दोघांना घरी आणायचं होतं.

"पुलापर्यंत चक्कर मारून येते," ताई म्हणाली. "जरा ताणून बघते."

"ताण की! खुशाल ताण," मिस्त्री उदारपणे म्हणाला.

"उरलं नाही ना काही?"

हा त्यांच्या घरातला जुना प्रश्न. नऊ वर्षांचा असताना त्याने आईचं शिवणयंत्र दुरुस्त केलं होतं आणि तीन स्क्रू उरले होते. यंत्र पुढे पंचवीस वर्षं चाललं, पण तेवढा भाग सांगायला कुणालाच वेळ होत नसे.

"टाचणीसुद्धा नाही," तो म्हणाला.

भाऊजी ताईशेजारी बसले, पट्टा लावला, दोनदा ओढून तपासला आणि गाडी गेली.

मिस्त्री बाक आवरायला वळला. बाकावर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे होता. ही त्याची स्वतःची पद्धत. आठ खळगे, प्रत्येकावर खडूने नंबर. ज्या व्हॉल्व्हचे भाग त्याच्या खळग्यात, आणि बसवले की खळगा रिकामा. ट्रे रिकामा म्हणजे विसरलं काही नाही. या पद्धतीवर त्याने इतर मिस्त्र्यांना न मागता बरीच व्याख्यानं दिली होती.

पाचव्या खळग्यात एक लॉक होतं. नवंकोरं, चकाकणारं.

पाचव्यात एक उरलं, म्हणजे पाचव्या व्हॉल्व्हवर एकच. आणि ताई या घडीला पुलाच्या रस्त्यावर गाडी ताणत होती, तेही त्याच्याच परवानगीने. त्याने फोन लावला. गाडी चालवताना ताई फोन उचलत नसे, तत्त्वाची बाई. भाऊजींना लावला. भाऊजींचा फोन बाकावरच, पान्यांच्या शेजारी वाजायला लागला.

तो रस्त्यावर धावत आला. हातात लॉक. कान पुलाकडे. एखादा ट्रक खडखडला तरी तो दोन पावलं पुढे धावे.

सात मिनिटांनी गाडी आली. मिस्त्रीचे पाय जमिनीला लागले.

"लोण्यासारखी चालते रे!" ताई काचेतून म्हणाली. "धुराचं नाव नाही. आता अशीच निघते."

त्याच्या मनातला वकील लगेच उभा राहिला. पुलापर्यंत चालली ना? मग पुढेही चालेल. मूठ खिशात घाल आणि टाटा कर. मिस्त्रीने वकिलाला खाली बसवलं.

"बंद कर," तो म्हणाला.

"का?"

"उरलं."

ताईने इंजिन बंद केलं. "किती?"

"एक."

"प्रगती आहे. मागच्या वेळी तीन होते."

त्याने बॉनेट उघडलं, कव्हरचे बोल्ट सोडले. इंजिन तापलेलं, बोटं भाजत होती, पण फुंकर मारायलाही त्याला सवड नव्हती. त्याने बॅटरीचा उजेड पाचव्या व्हॉल्व्हवर धरला.

दोन लॉकं. समोरासमोर, घट्ट.

त्याने डोळे चोळले. दोनच. मग पहिल्यापासून आठव्यापर्यंत एकेक बघितला, आणि उलटा आठव्यापासून पहिल्यापर्यंत. पाकिटात सोळा आली होती. सोळाच्या सोळा आत होती.

"मग हे सतरावं कुठून आलं?" त्याने इंजिनालाच विचारलं.

"ते पाचव्यातलं का?" मागून भाऊजी म्हणाले. "ते मी ठेवलं."

भाऊजींनी चौतीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळली होती. जमिनीवर पडलेलं काहीही उचलायचं, धुवायचं, पुसायचं आणि जागेवर ठेवायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की त्यांच्यासमोर चप्पल काढतानाही लोक विचार करत.

"बाकाखाली होतं," ते म्हणाले. "काळंकुट्ट. सकाळी रॉकेलने धुतलं, टूथपेस्ट लावून घासलं. पाचव्या खळग्याच्या बरोबर खाली होतं, म्हणून पाचव्यात. तुझं काम संपेपर्यंत मुद्दाम थांबलो हं. मध्ये लुडबुड नको."

मिस्त्रीने लॉक उलटं करून उजेडात धरलं. आतली कड झिजून गेली होती. जुनंच. परवा स्प्रिंग दाबताना एक उडालं होतं खरं. फेकायचंच तर आहे, म्हणून त्याने शोधलंही नव्हतं.

भाऊजींना चार शब्द सुनवायचे म्हणून त्याने तोंड उघडलं, तर आतून हसूच आलं, आणि येतच राहिलं. ताईही हसायला लागली. भाऊजी दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

"छान चमकवलंत, भाऊजी," तो कसाबसा म्हणाला. "फार म्हणजे फारच छान."

"टूथपेस्टने चांदीसुद्धा निघते," भाऊजींनी माहिती दिली.

कव्हर बसलं, बोल्ट आवळले गेले, बॉनेट मिटलं. ताईने चावी फिरवली. इंजिन संथ, एका लयीत चालू लागलं. मिस्त्री वाकून ऐकत राहिला. कुठेही टकटक नाही, खरखर नाही.

"झालं का ऐकून?" ताईने विचारलं.

"झालं."

"मग हात काढ की बॉनेटवरून. बाळ वाट बघतंय."

त्याने खाली बघितलं. हात खरंच तिथे होता, तोही चांगला घट्ट. त्याने तो काढला, आणि गाडी निघाली.