तांबड्या दिव्याचे तीस सेकंद

"मागे सरा रे दोघं. आता हिचं ऐकू द्या मला."

हा आवाज आईचा. तिला जाऊन चौदा वर्षं झाली, पण इंजिनाच्या घरघरीवर चढवलेला तो जाड, तापलेला आवाज ताईच्या कानात अजून तसाच आहे. आई इंजिनं दुरुस्त करायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायची, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायची. आत कुठलं बेअरिंग कण्हतंय ते तिला ऐकू यायचं. वॉल्व्ह घासायला बसली की वॉल्व्हला चिकटवलेली काठी दोन्ही तळव्यांत घुसळत स्वतःच रचलेलं म्हणायची:

घासते गं वॉल्व्ह बाई, फट कुठं राहू नये
फटीतल्या आगीला गं, घर आपलं दावू नये

एकदा रेडिएटरचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी तिच्या अर्ध्या तोंडावर आलं. कातडी ओल्या कागदासारखी निघाली. आठव्या दिवशी ती पुन्हा इंजिनाला कान लावून उभी होती.

त्या आईची ही दोन मुलं. थोरली ऐकणारी झाली आणि धाकटा चालवणारा. थोरलीला प्रयोगशाळेत सगळे ताईच म्हणतात. विजेवर चालणाऱ्या बसची बॅटरी पेटण्याआधी काय सांगू पाहते, ते ओळखणं तिचं काम. स्क्रूड्रायव्हरच्या जागी आता प्रत्येक बसमध्ये विटेएवढा काळा डबा असतो. बॅटरीतल्या शेकडो सेलांच्या व्होल्टेजवर तो नजर ठेवतो आणि एखादा सेल अचानक खचला की चालकासमोरचा तांबडा दिवा लावतो. डब्याला नियम शिकवते ती ताई.

धाकटा बस चालवतो. म्हणजे, बारा दिवसांपूर्वीपर्यंत चालवायचा.

त्या दुपारी पुलाच्या चढावर त्याच्या बसच्या पोटातून आधी फुत्कार आला, मग पांढरा धूर, आणि मग सेल एकामागून एक तोफेसारखे फुटू लागले. मागच्या दाराशी उभी असलेली कंडक्टर माणसांना धक्के मारून खाली लोटत होती. कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं, तिने पाहिलं नाही. एकवीस जण उतरले. बाविसावी ती स्वतः. तिच्या पायाखालचा पत्रा फाटला आणि जाळ उभा वर आला. धाकट्याने तिचं मनगट धरलं होतं. त्याच्या हातात बाहीचा तुकडा राहिला. तो तुकडा दवाखान्यात कापून काढावा लागला, कारण तळव्याची कातडी त्यात वितळली होती.

तो रस्त्यावर गुडघे टेकून बसलेला असताना कुणीतरी ओरडलं, "दिवा लागला होता, तरी यानं गाडी हाणली."

पाहिलं कुणी? कुणीच नाही. पण तेवढं वाक्य पुरलं. पट्टे निघाले, बूट निघाले. एकाने हेल्मेट दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर आणलं आणि जबड्याचे दोन तुकडे झाले. ज्या बाईला त्याने खिडकीतून काढलं होतं, तीही दगड शोधत होती म्हणे.

आता जबडा तारेने बांधलेला. बोलायचं ते दातांच्या फटीतून. बारा दिवस तो एकच वाक्य बोलत होता.

"ताई, दिवा लागला नाही गं."

"हो रे राजा. चौकशीत निघेल ते." ती वाटीतलं पातळ चमच्याने त्याच्या ओठांत सोडायची आणि नजर वाटीतच ठेवायची.

कारण चौथ्या दिवशी तिने जळक्या डब्यातल्या नोंदी वाचल्या होत्या. नियम ज्या चिपमध्ये होते ती वितळली होती, पण नोंदींची चिप शाबूत होती. पडद्यावरची एका सेलची रेघ तिने बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजली. सेल चार वेळा खचला होता. अकरा सेकंद, मग नऊ, मग चौदा, मग एकोणीस. दरवेळी पुन्हा सावरला होता. पाचव्या वेळी सावरला नाही.

आणि डब्याला तिने शिकवलं होतं, तीस सेकंद थांब.

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. चालक कावले होते. रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्यावर वायर हलायची, व्होल्टेज क्षणभर पडल्यासारखं दिसायचं आणि दिवा लागायचा. धाकटा जेवताना म्हणाला होता, "तुझा तो दिवा म्हणजे ना ताई, गल्लीतलं टवाळ पोरगं झालंय. दर खड्ड्याला डोळा मारतं. जरा दटाव की त्याला."

तिने दटावलं. खचलेलं व्होल्टेज सलग तीस सेकंद तसंच राहिलं तरच दिवा लागेल. मध्ये सावरलं तर मोजणी पुन्हा शून्यापासून. हा बदल कागदावर आणायचा तर आधी चाचण्या, मग बैठक, मग तीन सह्या. तिने एका दुपारी डेपोत बसून आपल्या लॅपटॉपवरून चाळीस बसना तो परस्पर देऊन टाकला. नोंद उद्या करू म्हणाली. ती उद्या आलीच नाही. तक्रारी मात्र थांबल्या, आणि चालकांनी तिला चहा पाजला.

सेल मरताना अधूनमधून सावरतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. हेच तर ती नव्या मुलांना शिकवायची.

आठ दिवस ती गप्प राहिली. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले होते, चाचणी होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. ते वाक्य तिने पांघरुणासारखं तोंडावर ओढून घेतलं. चाचणीसाठी डेपोतल्याच एखाद्या बसचा डबा आणतील, दिवा लागणार नाही, धाकटा सुटेल, आणि दोष डब्याच्या माथी जाईल. तिचं नाव निघेल न निघेल. तिला तोंड उघडावं लागणार नाही.

चाचणी बाराव्या दिवशी सकाळी झाली. हातभर जाडीच्या भिंतींची कोठडी, तिला तिपेडी काच, आत पोलादी दाबयंत्र आणि त्याच्या दोन जबड्यांत बसच्या बॅटरीचा एक तुकडा. काचेच्या अलीकडे जमिनीवर पिवळी वर्तुळं रंगवलेली. ज्याने त्याने आपल्या वर्तुळात उभं राहून आपला आकडा म्हणायचा. शेवटचा आकडा आल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, हा इथला शिरस्ता.

धाकट्याला बोलावलं होतं. कंडक्टरच्या नवऱ्यालाही. तो वेल्डर होता, दाराएवढा रुंद, ठिणग्यांनी भुवया जळालेला. आल्या आल्या तो धाकट्यासमोर उभा राहिला.

"तूच ना ड्रायव्हर?"

धाकट्याने मान हलवली.

"दोन घास जास्तीचे न्यायची तुझ्यासाठी. म्हणायची, आमचा चालक सडाफटिंग आहे, बिस्किटांवर जगतो."

"वहिनी भांडून खायला लावायच्या," धाकटा दातांतून म्हणाला.

"भांडायचीच ती. माझ्याशीही." वेल्डरने त्याच्या तारांकडे पाहिलं. "मी आलो नव्हतो त्या दिवशी मारायला. आधी बघेन म्हटलं. चल, बघू."

"एक," सर म्हणाले. "दोन," चौकशी अधिकारी. "तीन," ताई. धाकट्याचा "चार" बांधलेल्या दातांतून फुत्कारासारखा आला. "पाच," वेल्डर म्हणाला, आणि सरांनी कळ दाबली.

नोंदींत होतं तसंच करायचं होतं. यंत्राने एक सेल दाबला, अकरा सेकंद धरला, सोडला. पण दाबल्यावर दुसऱ्याच सेकंदाला, टेबलावर ठेवलेल्या डब्याला जोडलेला तांबडा दिवा लागला.

ताईने दिव्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. डब्याच्या कडेला लाखेचं सील लोंबत होतं. डबा डेपोतला नव्हता. कोठारातला होता, नमुना म्हणून जपलेला, तिचा बदल कधीच न पोचलेला.

"सर, हा डबा..."

"सीलबंद आहे. माझ्यासमोर फोडलं," अधिकारी म्हणाले. "याहून खरा कुठला?"

यंत्राने पुन्हा दाबलं. दिवा. पुन्हा. दिवा. पाचव्यांदा जबडे सुटले नाहीत. सेल फुगला, पोट फाटलं आणि आतला जाळ काचेवर येऊन आपटला. शेजारचा सेल फुटला, मग त्याच्या शेजारचा. वितळलेल्या धातूचे थेंब काचेवर तडतडले, जमीन पायाखाली हादरली. वेल्डर रोज आगीकडे पाहूनच पोट भरायचा. त्याने पापणी लववली नाही. आत पत्रा वळत, काळा पडत गेला तसा त्याचा हात नकळत स्वतःचा दंड चोळत राहिला, जणू कुणाचा तरी दंड चोळतोय.

"पहिल्या दिव्यापासून आगीपर्यंत चार मिनिटं," अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं. "चार मिनिटांत बस उभी करून सगळे उतरले असते."

"तीसुद्धा?" वेल्डरने विचारलं.

"हो. त्यासुद्धा."

वेल्डरने भिंतीवरचा हातभर पाना काढला आणि कुणी हलायच्या आत धाकट्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज खोलीभर झाला. धाकटा आडवा पडला. वेल्डरने त्याची कॉलर धरून उचललं आणि काचेवर तोंड आदळलं. तार तुटली, ओठातून बाहेर आली, रक्त हनुवटीवरून पिवळ्या वर्तुळात सांडलं. सरांनी मागून मिठी मारली, तर वेल्डरच्या कोपराने त्यांचं नाक फुटलं. अधिकारी दाराकडे पळाले.

"चार मिनिटं," वेल्डर म्हणत होता. आवाज चढलेला नव्हता. "चार मिनिटं होती तुझ्याकडे. तिचं जेवण जेवलास तू."

धाकट्याने हात वर केला नाही. त्याच्या तोंडातून शब्दाबरोबर दाताचा तुकडा आला. "नाही... लागला." मग त्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई, तुला कळतं यातलं. तू सांग ना."

पाना पुन्हा वर गेला. या वेळी डोक्याच्या उंचीवर.

ताई मध्ये गेली. वार तिच्या आडव्या धरलेल्या हातावर बसला. कोपराखाली हात जिथे वाकू नये तिथे वाकला. ती गुडघ्यावर आली, पण धाकट्याच्या पुढून हलली नाही. वेल्डर थबकला, श्वास टाकत, पाना तसाच वर धरून. त्याचं तोंड तिच्या इतकं जवळ होतं की डोळ्यांतल्या लाल शिरा मोजता आल्या असत्या.

"याला मारू नका," ती म्हणाली. "हा खरं बोलतोय. इथला दिवा लागला, कारण हा डबा जुना आहे. बसमधल्या डब्याला मी सांगितलं होतं, तीस सेकंद थांब. कुणाला विचारलं नाही, कुठे लिहिलं नाही. तुमच्या बायकोसाठी दिवा चार वेळा लागायला हवा होता. चारही वेळा मी लागू दिला नाही. आणि हे मला आठ दिवसांपासून माहीत आहे."