दुसऱ्यांदा पडली ती

रविवारच्या पुरवणीत उजव्या कोपऱ्यात एक चौकट असायची आणि गेली बावीस वर्षं ती एकच बाई भरत होत्या. म्हणून कचेरीत सगळे त्यांना चौकटबाई म्हणत. कुठल्या राजाला मांजराची भीती वाटायची, कुठल्या चित्रकाराने एकच चित्र सात जणांना अस्सल म्हणून विकलं, कुठली गायिका मैफलीआधी कच्चा कांदा खायची, असल्या गोष्टी बाई कुठून कुठून वेचून आणत आणि सहा ओळींत बसवत. अग्रलेख कोण वाचतं हा वादाचा विषय होता; चौकट मात्र लोक चहा निवायच्या आत वाचून मोकळे होत. बाईंना याचा अभिमान होता. दाखवत नसत, पण होता.

सहा ओळींची एक अडचण असते. खरी गोष्ट बहुधा चार ओळींत संपते, नाहीतर तिला चौदा लागतात. चार ओळींची असली की बाई जरा तिखटमीठ लावत. खोटं नव्हे, आपलं कुठे एक 'स्वतः' घालायचं, कुठे एक 'आयुष्यभर'. वाचकाला घास गोड लागला म्हणजे झालं.

त्या रविवारी चौकटीत एका जुन्या, गाजलेल्या सिनेमाची गोष्ट होती. शेवटच्या प्रसंगात नायिका उंच जिन्यावरून गडगडत खाली येते. बाईंनी लिहिलं होतं, की हा प्रसंग नायिकेने स्वतः दिला, एकाच दमात, आणि अकरा पायऱ्या गडगडूनही हसत उठली.

मंगळवारी अकराच्या सुमारास एक म्हातारा कचेरीत आला. पंचाहत्तरीच्या पुढचा, शर्टाची कॉलर उसवलेली, पण इस्त्री कडक. हातात चौकटीचं कात्रण. बाईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, "बसू का?"

"बसा ना, काका."

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"ती पडली नव्हती," म्हातारा म्हणाला. "ती बाजूला खुर्चीत बसून नखं रंगवत होती. पडली ती माझी बायको. तिची डमी होती ती. आणि उठली नाही."

म्हातारा शांतपणे सांगत होता. तो त्या स्टुडिओत लाइटवाला होता, बायको नायिकेची डमी. उंची तीच, पाठमोरी चाल तीच. एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्या जिन्यावर तिचा कणा मोडला. त्यानंतर नऊ वर्षं अंथरुणात काढून ती गेली.

"मला भांडायचं नाही," तो म्हणाला. "फक्त ती पडली होती एवढं छापा."

तो गेल्यावर बाईंनी आपली जुनी बाडं काढली. ज्या मासिकातून त्यांनी गोष्ट उचलली होती त्यात एकच वाक्य होतं: जिन्यावरून पडण्याचा प्रसंग अंगावर काटा आणतो. बस्स. 'स्वतः' बाईंचं होतं. 'एकाच दमात', 'अकरा' आणि 'हसत उठली' हेही त्यांचंच. बाईंनी मासिक मिटलं. बावीस वर्षांत असे किती 'स्वतः' आपण पेरले असतील, याचा हिशेब त्यांनी मुद्दामच केला नाही.

गुरुवारी त्या लाइटवाल्याच्या घरी गेल्या. दोन खोल्या, तिसरा मजला. एका खिडकीशी अजून लोखंडी खाट होती, वर गादी नव्हती, वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. भिंतीवर बायकोचा फोटो. चेहरा साधा होता, नायिकेशी काडीचंही साम्य नव्हतं.

"चेहऱ्याने काही सारखी नव्हती हो," म्हातारा म्हणाला. "म्हणूनच तर सगळा घोटाळा झाला."

त्याने चहा टाकला. कपबश्या पुसून घेतल्या. मग समोर बसून, कपाकडेच बघत तो बोलायला लागला. ही गोष्ट त्याने याआधी कुणालाही सांगितली नव्हती, हे बाईंना पहिल्या दोन वाक्यांतच कळलं; घडी घातलेलं कापड पहिल्यांदा उलगडावं तसं तो प्रत्येक वाक्य जपून सोडत होता.

"ती दोनदा पडली. पहिल्यांदा झकास पडली. अंग सैल सोडून, मान आत घेऊन. काही म्हणजे काही लागलं नव्हतं. लाइट माझ्या हातात होता. नियम असा, की डमीचा चेहरा दिसता कामा नये, लाइट पायांवर ठेवायचा. पण बाई, बायको पडताना माणूस पायांकडे बघतो का? माझा हात तिच्या तोंडामागे गेला. पडता पडता तिचा अख्खा चेहरा उजळून निघाला. दिग्दर्शक म्हणाला, शॉट फुकट गेला, परत घ्या."

"मग?"

"मग परत. ती वर चढली. जाताना माझ्याकडे बघून हसली, काही नाही रे, एवढंच म्हणाली. दुसऱ्या वेळी मी हात दगडासारखा धरला. लाइट नेमका पायांवर, पायांच्याही मागे. तिच्यासमोर काळोख होता. तिला पायरी दिसलीच नाही. डोकं खाली करून आली. शॉट उत्तम झाला. अजून तोच आहे सिनेमात."

म्हाताऱ्याने कप बशीत ठेवला.

"आणि सगळ्यांना काय सांगितलं, ठाऊक आहे? जिना कच्चा होता. सुताराने पायरी नीट ठोकली नव्हती. मी सांगितलं. दिग्दर्शकाला तेच हवं होतं. सुताराला काढून टाकलं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तीही तेच ऐकत मोठी झाली."

"आता मुलगी कुठे असते?"

"इथेच, चार रस्ते पलीकडे. दर रविवारी येते, माझं घर झाडून जाते."

"हे तिला माहीत आहे?"

म्हाताऱ्याने कपातला गाळ हलवला. "सांगेन मी तिला. तुम्ही छापा. सगळं छापा, माझ्यासकट. मला आता हे पेलवत नाही."

इथे बाईंनी थांबायला हवं होतं. आधी मुलीला सांगा, मग छापू, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण शुक्रवारी दुपारी पुरवणीचा मजकूर जायचा होता. आणि खरं सांगायचं, तर जिना उतरताना बाईंच्या मनात वाक्यं जुळायलाही लागली होती. गोष्ट अस्सल होती, पदरचं एक अक्षर घालायची गरज नव्हती. आपली आधीची चूकही धुऊन निघेल, असं त्यांना वाटत होतं. एका दगडात दोन पक्षी. मारणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, की पक्षी तर खरेच मरतात.

शुक्रवारी त्यांनी चौदा ओळी दिल्या. संपादकांनी वाचून मान डोलावली. "वा, बाई. हे काहीतरी झालं. पण सहाच ओळी हं."

"या गोष्टीला चौदा लागतात."

"चौकटीला सहा लागतात," संपादक म्हणाले आणि लाल पेन उघडलं.

रविवारी छापून आलं. मजकुरातून दिग्दर्शक गेला होता, कापलेला शॉट गेला होता, बायकोचं ते शेवटचं हसणं गेलं होतं. वर मथळा होता: 'नवऱ्याच्या लाइटने घेतला बायकोचा बळी'. बायकोचं नाव छापलं होतं, त्यात एक वेलांटी चुकली होती.

चौकटीला आजवर आली नव्हती इतकी पत्रं आली. काय मजेशीर माहिती, असं एकाने लिहिलं. कुणी विचारलं, त्या नवऱ्याला शिक्षा झाली का? एका कॅलेंडरवाल्याने ती गोष्ट जानेवारीच्या पानामागे छापायची परवानगी मागितली. पानवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत जो तो एकमेकाला ऐकवत होता, आणि ऐकणारा प्रत्येक जण 'काय सांगता' म्हणून पुढे आणखी एकाला सांगायला मोकळा होत होता.

बुधवारी मुलगी आली. सत्तेचाळीस वर्षांची, शाळेत वाचनालय सांभाळणारी, गळ्यात अजून शाळेचं ओळखपत्र. ती बसली नाही.

"चौकट तुम्ही लिहिता?"

"हो. तुमच्या वडिलांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"नाही. मला शाळेच्या शिपायाने सांगितलं. म्हणाला, मॅडम, रविवारच्या पुरवणीत मजेदार आलंय, वाचा. मी वाचलं. मग आईचं नाव दिसलं."

बाई उठून उभ्या राहिल्या. "ते म्हणाले होते, मी सांगेन."

"बाई, जो माणूस एक्केचाळीस वर्षं बोलला नाही, तो तीन दिवसांत बोलेल असं तुम्हाला खरंच वाटलं?"

मुलीचा आवाज चढलेला नव्हता. ती हिशेब सांगावा तशी बोलत होती.

"नऊ वर्षं मी आईला भरवलं. सहाव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. कूस बदलायला दर दोन तासांनी उठायचे. ती गेली त्या दिवशी मी काय केलं, सांगू? त्या सुताराच्या दारात गेले. गल्ली गोळा केली. खुनी म्हणाले त्याला, तुझ्या पोरांचं वाटोळं होईल म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत उभा होता. बाबा घरी होते. मी कुठे जातेय हे त्यांना ठाऊक होतं."

"तुम्ही त्यांच्याशी बोललात?"

"काय बोलू?" ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतरच्या रविवारी ती वडिलांकडे गेली नाही. पुढच्याही नाही. बाई मात्र जाऊ लागल्या, दूध, पाव, औषधं घेऊन. म्हातारा दार उघडायचा, बाई आहेत म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझायचं, तरी तो 'या' म्हणायचा. त्याने एकदाही बाईंना दोष दिला नाही. तो चिडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"खरंच ना सगळं? मग झालं," एवढंच म्हणायचा. जिन्यात पोरं त्याला बघून कुजबुजायची. हळूहळू त्याने खाली उतरणं सोडलं, मग जेवण सोडलं. दीड महिन्यात अंगावरचा शर्ट हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला.

इस्पितळात हलवल्यावर बाईंनी मुलीला निरोप पाठवला. ती चौथ्या दिवशी आली. वाटीतली पेज घेऊन तिने त्याची मान एका हाताने उचलली आणि चमच्याने भरवायला लागली, सराईत हाताने. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी कानशिलाकडे वाहत होतं, ती ते पुसत होती आणि पुढचा चमचा भरत होती. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला. तिने त्याला माफ केलं की नाही, हे बाईंना कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

चौकट बाईंनी सोडली. संपादकांनी दोनदा समजूत घातली, मग दुसऱ्या कुणाला तरी दिली. बाई आता निधनवार्तांच्या पानावर काम करतात.

वडील गेल्यावर पंधरा दिवसांनी मुलगी पुन्हा कचेरीत आली. या वेळी बसली.

"तुम्हाला लोक शोधता येतात ना?" तिने विचारलं. "मला तो सुतार शोधून द्या."

शोधायला चार दिवस लागले. सुतार बारा वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको धाकट्या मुलाकडे राहत होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, फर्निचरच्या दुकानामागे. दोघी तिथे गेल्या. म्हातारीने दार उघडलं, ऐकू कमी येत होतं, पण मुलीला तिने चटकन ओळखलं. जिने दारात उभं राहून शिव्याशाप दिले, तिचा चेहरा कसा विसरेल?

बाईंकडून वाटेत कळलेलं सगळं मुलीने उंबऱ्यातच सांगितलं. लाइट, पहिला शॉट, दुसरा शॉट. शेवटी म्हणाली, "मावशी, पायरीत काही खोट नव्हती. तुमच्या माणसाची चूक नव्हती. मी चुकले."

म्हातारीने कानामागचा हात खाली घेतला.

"ठाऊक होतं त्यांना," ती म्हणाली. "लाइटच्या शेजारीच तर उभे होते ते. घरी येऊन सांगितलं मला. मी म्हटलं, जाऊन खरं बोला. तर म्हणाले, त्याची बायको अंथरुणाला खिळलीय, पदरात पोर आहे, त्याची नोकरी गेली तर तिघं मरतील. माझे हात धड आहेत, मला कुठेही काम मिळेल."

"मिळालं?" मुलीने विचारलं.

"चार वर्षं नाही मिळालं. पडणाऱ्या जिन्याचा सुतार म्हणायचे." म्हातारी भिंतीचा आधार घेऊन वळली. "थोरला मुलगा त्याच चार वर्षांत गेला. तापाने."

मुलगी तिथेच उंबऱ्यावर बसली. बाई मागे उभ्या राहिल्या. पुढे व्हावं की निघून जावं, त्यांना कळेना. आतून दुकानात करवत चालल्याचा आवाज येत होता. म्हातारीने पाण्याचा तांब्या आणून मुलीच्या पुढ्यात ठेवला, आणि आत जाऊन खाटेवर पडली. दार उघडंच होतं.