लेंडीखतात पुरलेला रेडिओ

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पणदऱ्याचा म्हातारा म्हस्कू बारामतीच्या बाजारातून आला, तो घाबराघुबरा होऊनच.

"अगं, इंदापुरात सरकारी जीप फिरतीया. लायसन न्हाय त्याचा रेडिओ उचलत्यात. आता आपल्याकडं येणार!"

त्याच्या बायकोचा, तानूबाईचा हात आधी उशाशी गेला. डोळे गेल्यापासून तिचा दिवस त्या रेडिओवरच उगवायचा आणि मावळायचा. तो आणलेला त्यांच्या लेकानं, भिमानं. भिमा होता तोवर दरसाल पोस्टात जाऊन लायसन भरायचा. तो तापानं गेला आणि भरायचं राहूनच गेलं. त्यानं लावलेल्या स्टेशनावरचा काटा मात्र तानूबाईनं कुणाला हलवू दिला नव्हता.

"जीप बघितली कुणी?" तिनं विचारलं.

"बाजारात समदी बोलत्यात."

"समदी म्हंजी कोण? आधी पोस्टात इचारा की."

"व्हय, चोरानंच जावं चौकीत इचारायला! भिमाचा रेडिओ न्हेला म्हंजी बसशील रडत."

म्हस्कूचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. रानात मुक्काम पडला की चीजवस्तू लेंड्यांच्या ढिगात पुरायची, तिथं कुणी हात घालत नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. त्यानं रेडिओ घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि परड्यातल्या लेंडीखतात खोल पुरला. पण रानातल्या लेंड्या वाळलेल्या असायच्या. हे खत उसासाठी कुजवायला ठेवलेलं, वर पाणी मारलेलं. घाईत म्हाताऱ्याच्या ते ध्यानातच आलं नाही.

घर मुकं झालं. संध्याकाळी मेंढरं कोंडून झाली की भिमाच्या स्टेशनाची वेळ व्हायची; तेव्हा तिचा हात उशाशी चाचपडायचा आणि मागं यायचा.

पंधरवड्यानं इंदापूरहून व्याही आले, झुंबरराव.

म्हस्कूनं हळूच विचारलं, "पाव्हणं, तिकडं जीप आलीती म्हणं?"

"आमच्याकडं? आमच्याकडं तर म्हणत्यात, बारामतीत जप्ती चाललीया!" झुंबरराव हसले. "म्या सरळ पोस्टात जाऊन इचारलं. लायसन बंद हून लई वर्सं झाली म्हणाले. तुमी इचारलं न्हाय व्हय?"

म्हस्कू उठला आणि परड्यात गेला. खोरं लावताच ढिगातून वाफ आली. घोंगडी कुजली होती. रेडिओची पेटी उष्णतेनं वाकली होती, सेल फुटून आत गंज चढला होता. त्यानं तो धोतरानं पुसला, पुन्हा पुसला आणि तानूबाईच्या हातात दिला.

तिची बोटं पेटीवरून सावकाश फिरली.

"काटा?"

वाकड्या काचेमागं काटा होता तिथंच चिकटून बसला होता.

"हाय जाग्यावर," म्हस्कू म्हणाला.

"मग लावा."

त्यानं नवे सेल घातले. बटण फिरवलं. कट्ट झालं, पुढं काहीच नाही. तानूबाई कान देऊन बसली होती. मेंढरं मघाशीच कोंडून झाली होती, त्यांचं बें-बें तिनंही ऐकलं होतं.

"येळ झाली नसंल अजून," ती म्हणाली, आणि तिनं चाचपडत म्हाताऱ्याचा हात धरला.