मास्तरांचा गुडघा

संसारात लहानसहान थापा बाईंनीही मारल्या असतील, पण गुडघ्याच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. बोलल्या त्या एकाच गुडघ्याबद्दल, आणि तोही थेट नवऱ्याच्या. आता शर्यतीच्या सकाळी, हातात पिवळी पाटी घेऊन बागेच्या वळणावर उभ्या असताना, ते खोटं त्यांच्या अंगाशी आलं होतं.

हे समजायला आधी शर्यत समजली पाहिजे. नुसती चालायची शर्यत, पण नियमांचा जाच पळण्याच्या दुप्पट. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात सरळ हवा. रस्त्याच्या कडेला परीक्षक उभे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी बघतात. गुडघा वाकतोय अशी शंका आली तर पिवळी पाटी दाखवायची, म्हणजे सांभाळ. खात्री झाली की लाल कार्ड लिहून मुख्य परीक्षकाकडे पाठवायचं. तीन परीक्षकांची तीन लाल कार्डं झाली की माणूस बाहेर. मग तो कितीही मोठा का असेना.

मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान, शाळेत खेळाचे शिक्षक होते. तरुणपणी ही शर्यत चालले, मग मुलांना शिकवली, मग परीक्षक झाले. परीक्षक कमी पडायला लागले तेव्हा त्यांनी बायकोलाच ओढली. बाईंचं शिवणकामाचं दुकान. कोणाच्या पँटची एक बाजू बोटभर आखूड आहे हे त्या रस्त्यापलीकडून सांगायच्या. ती नजर गुडघ्यांवर बसायला वेळ लागला नाही. पुढे तर त्या मास्तरांच्याही वरताण निघाल्या. खेळाडू पाठीमागे त्यांना ‘कात्री’ म्हणायचे. हे बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मग मास्तरांचा उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी तो काढून नवा बसवला. ऑपरेशन झकास झालं असं सगळे म्हणाले, आणि मास्तर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘ऊठ, चल’ म्हणणारा माणूस उठेना, चालेना, धड जेवेना. व्यायाम शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हणायची, “काका, गुडघा खाली दाबा. आता नाही दाबलात तर असाच आखडून बसेल.” काका भिंतीशी बोलायचे. मुलगी फोनवर रडली, डॉक्टर रागावले, काही उपयोग झाला नाही.

एका सकाळी त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, “सरळ होतोय का गं?”

फिजिओ म्हणजे पोर, डॉक्टर म्हणजे कापाकापी करणारा, दोघांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. बायकोच्या नजरेवर मात्र होता. बाईंनी पाहिलं. गुडघा पुरता वाकलेला होता.

“होतोय,” बाई म्हणाल्या.

मास्तर वळले. उठून बसले. “मग गुडघ्यावर दाब धर,” म्हणाले.

झालं. तिथून ते जे सुटले ते आजपर्यंत. आधी खोलीत, मग गच्चीवर, मग दुकानासमोरच्या रस्त्यावर. रोज सकाळी बाई शटरपाशी उभ्या, मास्तर पुढ्यातून जाणार आणि मान न वळवता विचारणार. बाईंचं उत्तर ठरलेलं. खरं तर गुडघा बराच सुटला होता, जिना चढायला, बाजारात जायला उत्तम. पण शेवटचा जो थोडासा वाक राहिला होता तो जाईना. फिजिओने बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “हा आता इतकाच. रोजच्या जगण्याला काही अडचण नाही.” रोजच्या जगण्याला नव्हतीच हो, पण मास्तरांनी मोठ्या वयाच्या गटाच्या दहा किलोमीटरसाठी नाव दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, ज्याचा गुडघा त्याला कळू नये? नाही कळत. मास्तर म्हणायचे, नवीन पाहुणा आहे, अजून घरच्यासारखा बोलत नाही. फोनवर चित्रण करून बघा म्हणावं, तर मास्तर कॅमेऱ्याचे जन्माचे वैरी. ज्या शर्यतीत नियमच डोळ्यांचा, तिथे यंत्र कशाला? आणि घरात कात्री असताना?

बाईंनी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मुख्य परीक्षकांना, सगळे त्यांना आप्पा म्हणत, त्यांनी फोन करून सांगितलं की या वेळी मला वगळा, घरचाच माणूस चालणार आहे. आप्पा हसले. “वहिनी, मास्तरांचा फोन आधीच येऊन गेला. म्हणाले, हिला ठेवाच, नाहीतर लोक म्हणतील जुना परीक्षक म्हणून सोडला. तसेही आपण मोजकेच लोक आहोत.” आदल्या संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, एक बोलायचं होतं.” मास्तर बनियनला नंबराचं कापड टाचत होते. “बोल की.” त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या आणि चेहऱ्यावर असलं सुख होतं की बाई म्हणाल्या, “मोजे धुतलेत, दोरीवर आहेत.” असा हा कात्रीचा पराक्रम.

आता शर्यत सुरू होऊन बराच वेळ झाला होता. रस्ता बागेभोवतीचा, फेऱ्या मारायच्या. बाई खालच्या वळणावर, पलीकडच्या कोपऱ्यावर बँकवाली. ही मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी, बँकेत नोकरी करायची, परीक्षक होऊन फार दिवस झाले नव्हते. आणखी दोघे वरच्या बाजूला होते, आणि समाप्तीच्या रेषेपाशी फळा घेऊन आप्पा.

पहिल्या फेरीला मास्तर आले तेव्हा बाईंनी गुडघा पाहिला. घरी शटरसमोर जेवढा वाकायचा त्याच्यापेक्षा जास्त वाकत होता. वेग वाढला होता ना. मास्तरांनी नजर टाकली. बाईंनी पाटी मांडीमागे धरली. मास्तर खूश होऊन पुढे गेले.

दुसऱ्या फेरीला पलीकडे काहीतरी गडबड झाली. बँकवालीने पिवळी पाटी काढली होती. मास्तर चालता चालता तिच्याकडे बघून मोठ्याने बोलत होते आणि कडेचे लोक हसत होते. बाईंपर्यंत शब्द पोहोचला नाही. पुढच्या फेरीला पोहोचला.

“अगं, नोटा मोजून डोळे गेले का तुझे? चष्मा लाव. माझा गुडघा ज्यांनी बघायचा त्यांनी रोज बघितलाय.”

पुन्हा हशा. बँकवालीची मान खाली गेली, पण पेन चालत होतं. लाल कार्ड गेलं. थोड्या वेळाने वरच्या बाजूच्या एका परीक्षकाचं गेलं. आप्पांनी फळ्यावर मास्तरांच्या नंबरापुढे दुसरी लाल खूण केली. वरच्या बाजूचा चौथा परीक्षक पिण्याच्या पाण्याच्या टेबलाआड सापडला होता, त्याला मास्तर धड दिसतच नव्हते. म्हणजे तिसरं कार्ड कोणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मास्तर वळणावर आले ते लालबुंद होऊन. दमले होते, पण त्याहून जास्त चिडले होते. “बघ गं,” जाता जाता म्हणाले, “बघ आणि सांग त्यांना. कालच्या पोरी मला शिकवतात.”

परीक्षकाने बोलायचं नसतं. बाई नुसत्या नवऱ्याच्या पाठमोऱ्या पायाकडे बघत राहिल्या आणि त्यांना लाज वाटली. नवऱ्याची नव्हे, स्वतःची. पलीकडे ती पोरगी जे दिसतं तेच लिहीत होती आणि त्याबद्दल चारचौघांत शिव्या खात होती. मास्तर तरी काय करणार? ज्या नजरेची ते शपथ घ्यायचे त्याच नजरेने त्यांना रोज सकाळी फसवलं होतं. मनात आलं, आता एवढंच तर उरलंय, जाऊ दे. रेषा ओलांडतील, घरी जातील, जन्मभर सांगत बसतील. आणि ती पोरगी जन्मभर ऐकत बसेल, की हिला गुडघा दिसत नाही.

पुढच्या फेरीला मास्तर आले. बाईंनी हात वर केला आणि पिवळी पाटी त्यांच्या तोंडासमोर धरली. पाटीवर वाकलेल्या गुडघ्याची खूण.

मास्तरांना आधी कळलंच नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, पाटी दुसऱ्या कोणाला आहे का म्हणून. मागे कोणी नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला की बाईंना वाटलं, पाटी फेकून द्यावी आणि धावत जावं. त्या जागच्या हलल्या नाहीत. मास्तर गेले. आता कोणाशी बोलत नव्हते. बँकवालीसमोरून गेले तेव्हाही नाही. सगळं लक्ष पायावर होतं. ते गुडघा मागे रेटत होते, दात खाऊन रेटत होते. लांबूनही कळत होतं.

शेवटच्या फेरीला ते वळणावर आले. रस्त्याकडे बघत नव्हते, बाईंकडे बघत होते. बाईंनी चेहऱ्याकडे न बघता पाय बघितला. टाच टेकली. वाकलेला. पुढचं पाऊल, वाकलेला. त्याच्या पुढचं, तसाच. लाल कार्डावर नंबर लिहून त्यांनी ते आप्पांकडे पाठवलं.

रेषा नजरेच्या टप्प्यात असताना आप्पा पुढे आले आणि त्यांनी मास्तरांसमोर लाल पाटी धरली. मास्तर थांबले. वाद घातला नाही. बनियनवरचा नंबर सोडवला, आप्पांच्या हातात दिला आणि रस्ता सोडून फुटपाथवर चढले.

बाईंना जागा सोडता येत नव्हती. मागचे लोक अजून चालत होते आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत परीक्षकाने रस्त्यावरची नजर हलवायची नसते. कानांना मात्र कोणी बांधून ठेवलेलं नसतं. मास्तरांची पावलं त्यांना ऐकू आली. आधी पलीकडच्या कोपऱ्यापाशी जाऊन थांबली. तिथे काय बोलणं झालं ते वाऱ्यावर गेलं, पण बँकवालीने रुमाल काढून डोळे पुसले एवढं डोळ्याच्या कडेने दिसलं. मग ती पावलं फुटपाथवरून बागेला वळसा घालून आली आणि बाईंच्या पाठीमागे थांबली.

“कधीपासून?” मास्तरांनी विचारलं.

“पहिल्यापासून. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात तेव्हापासून.”

“रोज?”

“रोज.”

समोरून दोन म्हातारे जोडीने गेले. दोघांचे गुडघे चोख होते.

“खरं सांगितलं असतंस तर मला झेपलं नसतं? एवढा दुबळा वाटलो तुला?”

नाही म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. इतक्या दिवसांची सवय.

“हो,” बाई म्हणाल्या. “वाटलात. मला भीती वाटली, तुम्ही आता उठतच नाही. एकदा बोलून बसले आणि मग सोडवता येईना. चूक माझी. त्या पोरीला बोलणी बसली तीही माझ्यामुळे.”

बाईंना वाटलं, मास्तर निघून गेले. मान वळवून बघायची इतकी ओढ लागली की मानेला रग लागली. शेवटची चालणारी बाई दमत दमत वळणावर आली, तिचे पाय त्यांनी नीट बघितले, ती पुढे गेली, आणि आप्पांनी लांबून हात करून संपल्याची खूण केली. तेव्हा कुठे त्या वळल्या.

मास्तर तिथेच होते. झाडाला एक हात लावून, उजवा पाय जमिनीपासून जरा उचलून उभे होते. चेहरा पांढराफटक पडला होता आणि रागावलेला अजिबात नव्हता.

“मीही एक सांगतो,” ते म्हणाले. “दुखतो. रोज दुखतो. आत्ता तर जीव जातोय. तू सरळ म्हणायचीस, मग मी दुखतो कसं म्हणू?”

बाईंनी पाटी काखेत मारली. मास्तरांनी झाडावरचा हात काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पुरता भार टाकला. मग दोघं सावकाश, त्यांना जमेल तसा पाय टाकत, घराकडे निघाले.