दोन भावांची दुनळी

झालं असं, की बैरुतच्या वरच्या डोंगरात, ऐन-तूत गावातल्या मिल्हम आणि शदीद या दोन भावांनी, बाप गेल्यावर, सगळ्याची बरोब्बर निम्मी वाटणी केली. ऑलिव्हची झाडं निम्मी, शेळ्या निम्म्या, अंजिराचं झाड एकच होतं तर पूर्वेकडच्या फांद्या याच्या आणि पश्चिमेकडच्या त्याच्या. शेवटी उरली बापाची दुनळी बंदूक. ती काय करवतीनं कापणार? मग ठरलं, की उजवी नळी आणि तिचा चाप थोरल्या मिल्हमचा, डावी नळी आणि तिचा चाप धाकट्या शदीदचा. गावच्या मुख्तारनं, म्हणजे तिथल्या पाटलानं, तसा कागद केला, वर शिक्का हाणला. शिकारीला जायचं ते दोघांनी मिळून. एक बार याचा, एक त्याचा.

आता बापानं चाळीस वर्षं फक्त उजवाच चाप ओढलेला. पहिल्याच बारात पक्षी पडायचा, दुसऱ्याची गरज कुणाला. त्यामुळे उजवा चाप लोण्यासारखा, आणि डावा असा, की शदीदनं एक बोट लावलं, मग दोन लावली, मग बंदूक गुडघ्यात धरून दोन्ही हात लावले, आणि बार उडाला तेव्हा लावा पक्षी पलीकडच्या डोंगरावर जाऊन दाणे टिपत होता.

"वाटणीत फसवलंस मला," शदीद म्हणाला.

"डावी तूच मागितलीस," मिल्हम म्हणाला. "नक्षी चांगली आहे म्हणालास. बस आता नक्षी बघत."

हे भांडण घेऊन दोघं आले नख्लेकडे. नख्ले बंदुका दुरुस्त करायचा, चौकात दुकान, वय सव्वीस, हात एकदम नाजूक. पण त्या दोघांना दारात बघून तो पटकन उठून उभा राहिला. कारण यांची बहीण वदाद. नख्लेला तिच्याशी लग्न करायचं होतं, तिलाही करायचं होतं, आणि त्यासाठी दोन्ही भावांचा होकार लागत होता. एकाचा चालणार नव्हता.

मिल्हमनं बंदूक टेबलावर ठेवतानाच बजावलं, "माझा चाप जरा जरी जड झाला, तर वदादचं नाव काढायचं नाही."

"आणि माझा याच्यापेक्षा गुंजभर जरी जड राहिला," शदीद म्हणाला, "तरी काढायचं नाही."

नख्लेनं बंदूक उघडली. आत कसं असतं, घोड्याला एक खाच असते, खाचेत पोलादाचा दात अडकलेला असतो, चाप ओढला की दात सुटतो आणि घोडा काडतुसावर आदळतो. डावीकडे चाळीस वर्षांचं ग्रीस वाळून डांबर झालेलं आणि खाच विहिरीएवढी खोल. तीन दिवस नख्ले तेच करत होता. डांबर खरवड, तेल लावलेल्या दगडावर दात चार वेळा घास, बसव, ओढून बघ, काढ, पुन्हा घास. एकदा जरी जास्त घासला तर दात खाचेत टिकणारच नाही, म्हणून श्वास रोखून काम.

चौथ्या दिवशी वजन करायचं होतं तर अख्खं गाव चौकात. बंदूक शिकंज्यात उभी, नळ्या आभाळाकडे, आत रिकामी काडतुसं. चापाला कापडी पिशवी टांगायची, पिशवीत चमच्याचमच्यानं बुलगुर, म्हणजे उकडून भरडलेला गहू, टाकायचा, टक् वाजलं की थांबायचं आणि पिशवी तोलायची.

"थांब," शदीद म्हणाला. "हा बुलगुर कुणाच्या शेतातला?"

नख्लेनं खरं ते सांगितलं. मिल्हमच्या.

"म्हणजे माझा चाप दादाच्या गव्हानं मोजणार?"

तो घरी जाऊन स्वतःचा बुलगुर घेऊन आला, तर मिल्हम म्हणे तो ओलसर आहे, हातानं दाबून बघा. मग लोकांनी दाबून बघितला. वीसेक लोकांनी. शेवटी मुख्तार कंटाळून म्हणाला, "मीठ आणा रे. मीठ या गावात कुणाच्याच शेतात पिकत नाही."

मिठानं मोजलं. उजवा दीड किलो, डावा दोन.

शदीद हळूच म्हणाला, "अर्धा किलो."

"शदीदभाऊ, तो मुद्दाम ठेवलाय," नख्ले घाईघाईनं म्हणाला. "आधी उजवा बार उडतो ना, त्याचा धक्का बसतो. डावा पण तेवढाच हलका असला तर धक्क्यानं आपोआप सुटेल. कुठल्याही दुनळीत दुसरा चाप थोडा जड ठेवतात."

"म्हणजे धक्का मारणार दादाची नळी आणि शिक्षा माझ्या बोटाला."

"त्याचं म्हणणं बरोबर वाटतंय," मुख्तार म्हणाला. त्याला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण शिक्का त्याच्याकडे होता.

नख्लेनं समोर बघितलं. बेकरीच्या दारात वदाद गरम रोट्या छातीशी धरून उभी होती आणि भुवया अशा वर केल्या होत्या, की नख्लेचं सगळं शिक्षण विरघळलं. त्यानं बंदूक आत नेली आणि संध्याकाळपर्यंत डावाही दीड किलोवर आणला. मिठाच्या कणाकणानं सारखा. शदीदनं त्याचे दोन्ही गाल चुंबले, मिल्हमनं पाठीत थाप मारली, दोघांनी होकार दिला, मुख्तारनं त्याचाही कागद केला.

सकाळी दोघं भाऊ शिकारीला गेले. लावा उठला, मिल्हमनं आपला चाप ओढला आणि दोन्ही बार एकदम उडाले. मिल्हम मागच्या काटेरी झुडपात जाऊन बसला. म्हणजे बसवला गेला. लावा गेला निघून.

"माझं काडतूस तू उडवलंस," शदीद म्हणाला.

"तुझ्या नळीनं माझा खांदा फोडला," झुडपातून मिल्हम म्हणाला.

तसेच दुकानात आले आणि दोघांनी होकार मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

नख्ले खुर्चीत बसूनच राहिला. डावा जड केला तर शदीद नाही म्हणणार, उजवा केला तर मिल्हम, सारखे ठेवले तर कुणाचातरी हात जाणार. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तारेची एक बारीकशी स्प्रिंग वळली आणि मुख्तारच्या ओसरीवर भावांना बोलावलं.

"ही ज्याच्या चापाखाली बसवेन त्याचा अर्धा किलोनं जड," तो म्हणाला. "या आठवड्यात मिल्हमभाऊंच्या, पुढच्या आठवड्यात शदीदभाऊंच्या. ज्याचा हलका, त्यानं आधी बार काढायचा."

दोघं ती स्प्रिंग आलटूनपालटून हातात घेऊन बघत राहिले. कॉफी निवली.

"म्हणजे अन्याय दोघांवर सारखाच," शदीद म्हणाला.

"आळीपाळीनं," मिल्हम म्हणाला. त्याला ते फारच आवडलेलं दिसलं. "पण दर रविवारी बदलणार कोण?"

"मीच."

"आणि तू बैरुतला निघून गेलास तर? तिकडं दुकान टाकलंस तर?"

आता दोघं भाऊ खरोखर घाबरले. मुख्तारनं मिशीवर हात फिरवला. "घरचा माणूस असला की कुठं जात नाही," तो म्हणाला.

मग काय, नख्लेला कुणी विचारलंच नाही. लाव्यांचा हंगाम संपायच्या आत लग्न झालं पाहिजे असं भावांनीच ठरवलं, आणि कागदात अटी घातल्या. जावयानं रविवारी आजारी पडायचं नाही. आठवडा चुकवायचा नाही. बाळंतपण शक्यतो सोमवार ते शनिवार.

लग्नाच्या आदल्या दुपारी वदाद बदामाचे लाडू घेऊन दुकानात आली आणि टेबलावरची ती स्प्रिंग उचलून बघत बसली. शेजारी तशीच आणखी एक पडली होती.

"ही दुसरी कशाला?"

"एक तुटली तर असावी म्हणून."

वदादनं एक या हातात धरली, एक त्या हातात. "नख्ले, दोन्ही चापांखाली एकेक बसवली तर? दोघांचे दोन दोन किलो. सारखेही झाले आणि धक्क्यानं सुटणारही नाहीत."

नख्लेच्या हातातला लाडू तसाच राहिला. त्यानं मनातल्या मनात बंदूक उघडली, दोन्हीकडे स्प्रिंग बसवली, बार काढला, पुन्हा काढला. सगळं ठीक चालत होतं. रविवारची काही गरजच नव्हती. जावयाचीही नव्हती.

"हे मला सुचलंच नाही," तो म्हणाला. "थांब, मिल्हमभाऊंना सांगून येतो, उगाच दर आठवड्याला..."

तो उठलासुद्धा होता. वदादनं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं, दुसरी स्प्रिंग आपल्या खिशात टाकली आणि ती म्हणाली, "लाडू खा."