सोमवारचे अकरा

भोंगेवाल्याने ग्रीसच्या डब्यात बोट बुडवलं, मोटरच्या बेअरिंगला ते सगळीकडून लावलं आणि चिंधीला बोट पुसत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला वीस मिनिटं कमी होती.

"सत्तावीस वर्षांत किती वेळा वाजला?" मागे उभ्या असलेल्या तपासनीस बाईंनी विचारलं.

"दर सोमवारी अकराला. एक मिनिट."

"तो चाचणीचा झाला. खरोखरचा?"

"खरोखरचा एकदाही नाही."

हे सांगताना त्याचा आवाज उगाच खाली गेला. धरण इतकी वर्षं फुटलं नाही, हा जणू त्याचाच कामचुकारपणा होता.

बाई वाईट नव्हत्या. मनोऱ्याच्या एकशे ऐंशी पायऱ्या न कुरकुरता चढून आल्या होत्या, त्याने दिलेलं पाणी प्यायल्या होत्या आणि यंत्राला हात लावण्याआधी त्यांनी त्याला विचारलं होतं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. असे भोंगे बनवणारा कारखाना बंद होऊन दहा वर्षं झाली, सुटे भाग मिळत नाहीत आणि आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. शिवाय दर आठवड्याला वाजणारी गोष्ट माणसाला ऐकूच येत नाही.

"लांडगा आला रे आला, तसं झालंय हे," त्या म्हणाल्या.

"तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, बाई."

"सत्तावीस वर्षं तहानच लागली नाही, त्याचं काय?"

खरं तर हाच प्रश्न तो गेली काही वर्षं स्वतःलाच विचारत होता. वर्षअखेरीला तो निवृत्त होणार होता. शेजारचा सुतार गावात फिरला तर शंभर दरवाजे दाखवून म्हणू शकत होता, हे मी केलं. भोंगेवाल्याने काय दाखवायचं? न आलेलं पाणी? घरात तर बायको उघडच चेष्टा करायची. सोमवारी भोंगा झाला की ती कुकर चढवायची आणि संध्याकाळी तो घरी आला की म्हणायची, "रोज मरे त्याला कोण रडे. पण तुमच्या बोंबेमुळे वरण मात्र वेळेवर शिजतं हो."

बाईंनी फाइल मिटली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"एक करू या? आज वाजवू नका."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"पाण्याची पातळी मी सकाळीच पाहिली आहे, धरण निम्मंही भरलेलं नाही. धोका काही नाही. आज भोंगा वाजला नाही, हे कुणाच्या लक्षात येतं का, एवढंच पाहू. आलं, तर मी लिहीन की भोंगा राहू द्या. नाही आलं, तर काय लिहू ते तुम्हीच सांगा." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "फोन मात्र बंद ठेवावा लागेल. आधी कुणाला कळवलंत तर काही अर्थ राहणार नाही."

तो नाही म्हणू शकला असता. पण त्यालाही बघायचंच होतं. त्याने फोन बंद करून टेबलाच्या खणात ठेवला.

अकरा वाजले. त्याचा हात सवयीने चाचणीच्या काळ्या बटणाकडे गेला, तसा त्याने तो खिशात घातला. बाईंनी हातातलं स्टॉपवॉच सुरू केलं आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. मनोऱ्यापासून दोन किलोमीटर खाली गाव पसरलेलं होतं. मधोमध बाजाराचा रस्ता, एका टोकाला शाळा, शाळेमागे टेकडी आणि टेकडीवर जाणाऱ्या रुंद पायऱ्या. त्या पायऱ्या धरणाबरोबरच बांधलेल्या, पाणी आलंच तर माणसांनी वर जावं म्हणून. आता तिथे संध्याकाळी म्हातारी माणसं वारा खायला बसत.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"बस सुटली. एक बाई गच्चीवर चादरी वाळत घालतेय. न्हावी दाढी करतोय."

"आणि?"

"आणि काही नाही."

पहिली पंधरा वर्षं तो दर जूनमध्ये शाळेत जायचा. लाल दांडा ओढला की भोंगा कसा वाजतो आणि तो ऐकल्यावर कुठे पळायचं, ते सांगायचा. मुलं कंटाळू नयेत म्हणून मध्ये काहीबाही विनोद करायचा, ती खिदळायची. बारा वर्षांपूर्वी शाळेने कळवलं की आता तुम्ही यायची गरज नाही. तेव्हापासून तो गेला नव्हता. शाळेलाही कंटाळा आला असेल, असं त्याने धरून घेतलं होतं.

"सहा मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

भोंगेवाला कोपऱ्यातल्या नळाशी गेला आणि साबण लावून हात धुऊ लागला. ग्रीस निघालं तरी तो धूतच राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं. भोंगा काढतील याचं एवढं नाही. पण सत्तावीस वर्षांत एका माणसालाही मान वर करून, अरे, आज काय झालं, असं वाटू नये?

"लिहून टाका," तो नळ बंद करत म्हणाला.

दुर्बीण बाईंच्या डोळ्यांनाच होती.

"शाळा सोमवारी लवकर सुटते का?"

"नाही. का?"

त्यांनी दुर्बीण त्याच्याकडे दिली. फाटकातून मुलांची रांग बाहेर पडत होती. प्रत्येकाने पुढच्याचा सदरा मागून धरला होता. रांग घरांकडे वळली नाही, ती टेकडीच्या पायऱ्यांना लागली. त्याने दुर्बीण बाजाराकडे फिरवली. न्हावी दुकानाचं शटर ओढत होता आणि शेजारी त्याचं गिऱ्हाईक उभं होतं, गळ्यात टॉवेल आणि अर्ध्या तोंडाला फेस. दवाखान्यातल्या दोन परिचारिका चाकाची खुर्ची ढकलत निघाल्या होत्या. सगळेच निघाले होते असं नाही. हार्डवेअरवाला कमरेवर हात ठेवून दारातच उभा होता आणि बसथांब्यावरची माणसं बसूनच होती. पण निम्मा रस्ता टेकडीकडे चालला होता.

"हे कुठे निघाले?" बाईंनी विचारलं. "भोंगा तर वाजलाच नाही."

त्याने खण उघडून फोन सुरू केला. हुकलेल्या फोनांची यादी खाली खाली सरकत गेली. त्यातले निम्मे बायकोचे होते. ती यादी वाचेपर्यंतच फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, धापा टाकत बोलत होत्या.

"काका, तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. पण तुम्ही मुलांना घेऊन..."

"तुम्हीच तर सांगितलं होतं. मी चौथीत होते. सोमवारी अकराला भोंगा वाजला नाही, तर समजायचं, एकतर भोंगा बंद पडला, नाहीतर मी. पाच मिनिटं वाट बघायची आणि टेकडी गाठायची. आम्ही केवढे हसलो होतो. मी तुम्हाला फोन केला, तर फोनही बंद."

त्याला ते आठवत नव्हतं. हसवायला म्हणून बोलला असेल.

"तुमचं येणं थांबलं, तेव्हापासून मीच शिकवते दर जूनमध्ये," त्या म्हणाल्या. "तो विनोदही सांगते. अजून हसतात."

त्या मुलांना वर नेऊन मोजेपर्यंत तो फोन कानाशी धरून उभा राहिला. पंधरा मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. आधी दवाखान्यातला कंपाउंडर आला, हातात डॉक्टरांची बॅग. त्याच्या मागून कठड्याला धरून, एकेक पायरी मोजल्यासारखी चढत, भोंगेवाल्याची बायको. गुडघ्यांमुळे ती घरातल्या स्टुलावरसुद्धा चढत नसे. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्या पायात नवऱ्याची.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आहात ना?" ती म्हणाली आणि शेवटच्या पायरीवरच बसली.

"अगं, टेकडी त्या बाजूला आहे."

"माहीत आहे मला टेकडी कुठे आहे ते."

कंपाउंडरने तिला पाणी दिलं. निम्मं गाव पाण्यापासून लांब चाललं होतं आणि ही कंपाउंडरच्या स्कूटरवर मागे बसून धरणाकडे आली होती. भोंगेवाला तिच्याजवळ खाली बसला. त्याने तिच्या पायातली आपली चप्पल नीट केली.

"चूक माझी आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मीच यांना वाजवू दिला नाही. मला वाटलं नव्हतं की..."

"मलाही," तो म्हणाला.

फोन अजून चालूच होता. "काका, दोनशे बारा मुलं आहेत, सगळी मोजली. सगळं ठीक असेल तर आणू का खाली?"

"नाही. फोनवर सांगून नाही उतरायचं. काय शिकवलंय त्यांना?"

मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हो, काका. थांबतो आम्ही."

तो उठून यंत्राशी गेला. लाल दांड्याच्या शेजारी हिरवा होता. संकट टळलं, खाली या, असं सांगणारा, सलग दोन मिनिटं वाजायचा सूर. दर महिन्याला तो त्याला तेल घालत आला होता, वीज तोडून पुढे-मागे करून पाहत आला होता. पण संकटच आलं नाही, तर ते टळल्याचं कोण कुणाला सांगणार?

"हा कसा वाजतो?" बाईंनी विचारलं.

"मी तरी कुठे ऐकलाय," तो म्हणाला आणि त्याने दांडा खाली ओढून धरला.

आवाज सोमवारच्यासारखा नव्हता. तो खालून उठला, वर चढला आणि तिथेच स्थिरावला, थोडा खरखरीत, पण न तुटता. खिडकीची काच थरथरू लागली. टेकडीवरची रांग जागची हलली नाही. शिकवल्याप्रमाणे ती आवाज थांबायची वाट पाहत होती.

एक मिनिट झालं. दोन झाली. दांडा सोडला की आवाज बंद होणार होता. भोंगेवाल्याने तो सोडला नाही. फेस लावलेल्या त्या माणसाचे, परिचारिकांचे, मागून सदरा धरलेल्या प्रत्येक पोराचे आभार कसे मानायचे, ते त्याला माहीत नव्हतं आणि त्याच्याकडे होता तो हा एवढाच आवाज. तपासनीस बाईंनी हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं आणि ते खिशात ठेवलं.

मग बायको उठली. लंगडत त्याच्यापाशी आली आणि दांड्यावरच्या त्याच्या हातावर तिने हात ठेवला.

"सोडा आता," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "लोकांना खाली यायचंय."