उन्हाची काठी

घाटकोपरच्या त्या कपबशांच्या कारखान्यात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. वरच्या पत्र्याला एक भोक होतं. सकाळी साडेदहाला त्यातून ऊन शिरायचं आणि त्याची तिरकी पांढरी काठी मांडणीच्या तिसऱ्या फळीला टेकली, की जानकी ओरडायची, "काठी आली गं, चहा टाका!"

जानकी आता घरीच असते. बावीस वर्षं भट्टीत जाण्याआधीचे मातीचे सुके कप घासून गुळगुळीत करता करता तिच्या छातीत एवढी धूळ बसली, की एक जिना चढायला ती तीनदा थांबते. ती धूळ आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तिच्या जागेवर तिची पोरगी दिशा बसू लागली, आणि महिन्याभरात तीही खोकायला लागली.

शेजारच्या पाटावरच्या शकूने तो खोकला ऐकला आणि तिचं डोकं फिरलं. काठीकडे ती नव्याने बघू लागली. नुसतं ऊन असं हवेत दिसतं होय? दिसते ती धूळ! एवढी वर्षं आपण धुळीच्या तालावर चहा प्यायलो, याचा तिला स्वतःवरच संताप आला.

ती तडक मालकांकडे गेली. "चंद्रप्रकाशशेठ, कप ओले असतानाच पुसून घेऊ. आणि तो झाडू बंद करा, ओलं पोतेरं फिरवू."

"ओल्या कपाचा कान हातात येईल, शकूताई!" शेठ माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "शनिवारपर्यंत बघतो. माल फुटला तर पुन्हा सुकंच घासायचं. मग हा विषय काढायचा नाही."

सोमवारी पार वाट लागली. स्पंज लागला की कान गळत, कप बसके होत. संध्याकाळी मोडक्या मालाने पाटी भरली.

"मावशी, मी सुकेच घासते ना," दिशा रडकुंडीला येऊन म्हणाली. "तोंडाला रुमाल बांधेन."

"तुझ्या आईनेही बांधला होता," शकू म्हणाली.

घरी भाकऱ्या थापताना तिला गावची चूल आठवली. निथळत्या पोतेऱ्याने सारवलं तर माती वाहून जाते. पोतेरं घट्ट पिळायचं, आणि मातीत बोट रुतेनासं झालं, पण ती अजून गार लागते, तेव्हाच हात फिरवायचा. शकूने कपाळावर हात मारला. आपण कपांना चक्क आंघोळ घालत होतो!

मंगळवारपासून तिने सगळ्यांना तशी वेळ साधायला शिकवलं. बुधवारी पाच कान गेले, गुरुवारी दोन, शुक्रवारी एकही नाही.

शनिवारी शेठ अकराला आले. "काय गं, आज चहा नाही?"

"काठी नाही आली अजून," दिशा म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं, पत्र्याचं भोक जागच्या जागी होतं. उन्हाचा गोल ठिपका केव्हाच तिसरी फळी ओलांडून पुढे सरकला होता. भोक आणि ठिपका यांच्या मधे मात्र काहीच दिसत नव्हतं. शेठनी तिथे हात धरला. हातावर ऊन पडलं, काठी काही दिसली नाही.

"सुकं काम आजपासून बंद," ते हळूच म्हणाले. "कायमचं."

बायकांनी एकच कल्ला केला. शकूने त्यातच जानकीला फोन लावला. "जानके, आज चहा विसरलो गं आम्ही! काठी आलीच नाही!"

जानकी हसू लागली. हसता हसता तिला धाप लागली, तरी ती हसतच राहिली.

"मग टाका की आता," ती म्हणाली. "आणि पहिला कप माझ्या पोरीला दे."